विमानाचे टोक आणि कामगाराचा हात

कर्जत-खालापूर भागातील आपली मुले आयटीआय करून खोपोलीकडच्या कारखान्यांत फिटर, वेल्डर म्हणून लागतात. काही फायबरच्या कामावर जातात. टाक्या, पाट्या, मूर्ती असे हे काम. घरी विचारले तर "फायबरला आहे" एवढेच सांगतात, जणू त्यात सांगण्यासारखे काही नाही. म्हणून आज आम्ही याच कामाची एक निराळी जागा दाखवीत आहोत.

विमान घरीही बांधता येते. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपला वैमानिक अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ साली ते 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिले, २०१७ साली त्याची सरकारी नोंदणी झाली आणि २०२० साली धुळ्याला त्याची उड्डाण-चाचणी झाली. अमेरिकेत तर हजारो लोक सुटे भाग आणून लहान विमाने बांधतात.

अशा अनेक विमानांचा सांगाडा ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा असतो. शेपटीवरचे एलेव्हेटर हे आडवे हलते पाते विमानाचे नाक वर-खाली करते, तर रडर हे उभे पाते ते डावी-उजवीकडे वळवते. या पात्यांची टोके मात्र बहुधा फायबरची असतात. पत्रा एका बाजूने सहज वाकतो, पण दोन्ही बाजूंनी गोलाई देणे अवघड. फायबर साच्यात हवा तो आकार घेते.

टोक बसवताना ते थोडे थोडे घासून मापात आणतात. जिथे चिकटवायचे तिथली चकाकी पॉलिश पेपरने घालवतात, नाहीतर रेझिन धरत नाही. रिव्हेट फायबरमधून ओढली जाऊ नये म्हणून आतून ॲल्युमिनियमची पट्टी लावता येते. शेवटी सांधा भरून रंग देतात. पाते पूर्ण फिरवले तरी टोक शेजारच्या स्थिर भागाला घासता कामा नये.

खरी मेख वजनात आहे. अनेक विमानांत एलेव्हेटरच्या टोकाचा पुढचा भाग बिजागरीच्या पुढे येतो आणि त्यात शिशाचे वजन असते. त्याने मागच्या पात्याचा तोल साधतो. मागे लांबी किंवा रंग जास्त चढला, आत पाणी साचले, की तोल बिघडतो. मग वेग वाढल्यावर पाते फडफडू लागते आणि काही क्षणांत तुटू शकते. म्हणून रंग वाळल्यावर तोल पुन्हा तपासतात आणि पाणी निघायला बारीक भोक ठेवतात. लांबीचा एक जादा हात, आणि वर बसलेल्या माणसाचा जीव धोक्यात!

दुसरा जीव काम करणाऱ्याचा. फायबर घासताना उडणारी काचेची बारीक धूळ अंगाला खाजवते, नाका-घशात जाते. हार्डनर डोळ्यांत उडाला तर दृष्टीला धोका. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. धुळीचा चांगला मास्क, चष्मा, हातमोजे आणि मोकळी हवा हवी. ती मागणे म्हणजे नखरे नव्हेत, तो कामगाराचा हक्क आहे.

माता-भगिनींनो, मुलगा संध्याकाळी खाजवत, खोकत घरी आला तर त्याला एवढे विचारा : "मास्क दिला का रे मालकाने?" आणि तरुणांनो, हेल्परवर थांबू नका. मोजमाप शिका, नकाशा वाचायला शिका. विमान असो की पाण्याची टाकी, नीट घासलेला सांधाच टिकतो.