नेट गेलं म्हणजे नक्की काय गेलं?

आमच्या घरी ‘नेट गेलं’ हे वाक्य दिवसातून चारदा तरी कानावर यायचं. ‘लाइट गेली’ म्हटल्यावर जसा कुणी हात-पाय हलवत नाही, तसंच याचंही. राजापूर तालुक्यातलं हे घर जांभ्याचं, भिंती सव्वा फुटी, वर मंगलोरी कौलं. पुण्यातल्या एका संस्थेसाठी व्हिडिओ संपादनाचं काम मी इथूनच करते. फायबर ओटीवर येते, राउटरही तिथेच, टीव्हीच्या मागे. माझं टेबल मात्र माजघर ओलांडून मागच्या खोलीत. मीटिंग रंगात आली की पडद्यावरचे चेहरे तोंड उघडं ठेवून थिजायचे, आणि मग पलीकडून यायचं, “ताई, तुमचा आवाज तुटतोय.”

केबलवाल्या मुलाला तीनदा बोलावलं. बिचारा पावसातून यायचा, फायबरला मीटर लावून आकडा दाखवायचा: उणे २१. हा आकडा उणे २७च्या खाली उतरला की घरातलं यंत्र धडपडायला लागतं. २१ म्हणजे ठणठणीत. “ताई, नेट बराबर आहे,” असं म्हणून तो ओटीवर मोबाइल धरून वेगही दाखवायचा. तो सांगत होता ते खरं होतं आणि मी सांगत होते तेही. तिसऱ्या खेपेला तो गेल्यावर मला उमगलं की ओटीपासून टेबलापर्यंतच्या वाटेबद्दल आम्ही दोघंही बोलतच नव्हतो.

मग मी लॅपटॉपवर काळ्या रंगाच्या दोन खिडक्या उघडल्या. पिंगची आज्ञा दर सेकंदाला समोरच्या यंत्राला ‘आहेस का?’ असं विचारते आणि उत्तर किती मिलिसेकंदांत आलं ते लिहिते. एका खिडकीत राउटरला हाक, म्हणजे १९२.१६८.१.१. दुसरीत गूगलच्या ८.८.८.८ ला, म्हणजे घराबाहेर. पहिली चोख आणि दुसरी अडखळली, तर दोष तारेत किंवा कंपनीत. पहिलीच अडखळली, तर दोष घरात. अर्ध्या तासात निकाल लागला. राउटरकडूनच उत्तर ३ मिलिसेकंदांत, मग ४, मग ९१२, मग काहीच नाही. केबलवाल्याची मनातल्या मनात माफी मागितली.

मोबाइलवर सिग्नल मोजणारं ॲप घेऊन घरभर फिरले. राउटरपाशी उणे ४०, माजघराच्या दारात उणे ५८, टेबलावर उणे ७८. आकडे साधे वाटतात, पण दर दहाला ताकद दहापटीने घटते. माजघराच्या दारात होतं त्याचा शंभरावा हिस्सा माझ्यापर्यंत पोचत होता. व्हिडिओ कॉल सुखाने चालायला उणे ६७च्या आसपास तरी हवं. त्यात जांभा सच्छिद्र, पावसाळ्यात पाणी पिऊन बसतो, आणि ओली भिंत वायफायच्या लहरी आणखी अडवते. उन्हाळ्यात बरं चालायचं ते आषाढात का बिघडलं, याचं उत्तर भिंतीला हात लावल्यावरच मिळालं.

राउटर दोन पट्ट्यांत बोलतो. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांबीची. ती भिंतीतून बऱ्यापैकी पार होते. ५ गिगाहर्ट्‌झची तिच्या निम्मीही नाही. वेगवान, पण जांभ्यापुढे हात टेकते. पुण्याच्या फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांची तीस नावं दिसायची, तिथे २.४मध्ये १, ६ की ११ कुठला चॅनेल मोकळा ते बघावं लागे. इथे आमच्याशिवाय दिसतं कोण! त्यामुळे ‘चॅनेल बदला’ हा सगळ्यांनी दिलेला सल्ला आमच्या कामाचा नव्हता.

भावाने मुंबईहून रिपीटर आणला आणि हौसेने माझ्याच टेबलाशेजारी लावला. मोबाइलवर सगळ्या दांड्या भरल्या, मीटिंग मात्र तशीच तुटत राहिली. रिपीटर हा सांगकाम्या. त्याला जे अर्धवट ऐकू येतं तेच तो मोठ्याने सांगतो. शिवाय स्वस्तातला असेल तर एकाच रेडिओवर ऐकणार आणि बोलणार, म्हणजे वेग तिथेच निम्मा. तो अर्ध्या वाटेवर, माजघरात लावायला हवा होता. पण तिथला एकुलता एक प्लग फ्रिजचा, आणि आईपुढे तो विषय काढण्याची कुणाची छाती नव्हती.

राउटर टीव्हीमागून काढून माजघराच्या दारावरच्या फळीवर चढवला. टेबलावर उणे ६४. दोन दिवस स्वर्ग. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि या वेळी सिग्नल उत्तम असूनही. बॅटरी वाचवायला लॅपटॉप आपलं वायफाय कार्ड झोपवतो, ती सोय बंद केली, फरक शून्य. आठवडाभर वहीत वेळा लिहिल्या तेव्हा चोर दिसला. ज्या दिवशी फुटेजची हार्डडिस्क जोडलेली, त्याच दिवशी बोंब. यूएसबी ३च्या तारेतून माहिती धावताना जो गोंगाट बाहेर सांडतो, तो नेमका २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात पडतो. इंटेलने २०१२ साली त्यावर टिपण काढलेलं आहे. माझी डिस्क लॅपटॉपला खेटून, म्हणजे अँटेनाच्या कानाशी. ती उपटली की पिंग ५वर, लावली की ८००. डिस्क मीटरभर लांब नेली तर निभावायचं, पण टेबल तेवढं मोठं नाही. आणि ५ गिगाहर्ट्‌झवर जावं तर मध्ये जांभा उभा.

उरली तार. पंचवीस मीटर कॅट-६ आणली. गावातल्या वायरमनने ती माळ्यावरून, वाशांना बांधत, उंदरांच्या भीतीने पीव्हीसी पाइपातून नेली. विजेच्या वायरीपासून हातभर दूर. टोकांना मात्र त्याने आठ तारा जोडीजोडीने ओळीत लावल्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. “दोन्हीकडं सारखं असलं की झालं.” टेस्टरचे आठही दिवे क्रमाने लागले. तरी लॅपटॉपचा वेग १०००ऐवजी १००वर अडला, तोही ठेचकाळत.

गोम अशी, की हिरव्या जोडीच्या पोटात निळी जोडी बसवावी लागते: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तारांनी एकच संदेश न्यायचा असतो. तो पीळच गोंगाट मारतो. सरळ ओळीत लावलं की तिसऱ्या आणि सहाव्या पिनेचा संदेश दोन वेगळ्या जोड्यांतल्या तारांवर फुटतो. टेस्टरला हे कळत नाही, कारण तो फक्त तार पोचली का ते बघतो. वायरमनने माझ्याकडे जरा रागानेच पाहिलं, टोकं छाटली, तारा नखाने सरळ केल्या आणि पुन्हा क्रिंप केलं. १०००. पिंगच्या पहिल्या खिडकीत १, १, १, १. हार्डडिस्क जोडली. १.

पंधरा दिवसांनी सकाळी बाबा ओटीवरून ओरडले, “नेट गेलं गो!”

मी खिडक्या पाहिल्या. पहिलीत १, १, १. दुसरी गप्प.

“घरातलं आहे,” मी आतून म्हटलं, “बाहेरचं गेलंय. फायबरच्या डब्यावर लाल दिवा आहे का बघा.”

होता. रात्री वाऱ्यात फणसाची फांदी मोडल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनीच ऐकला होता. केबलवाल्याला फोन लावला आणि सांगितलं, नुसता मीटर आणू नको, फायबर जोडायचं मशीनही घेऊन ये.