लघवी गळते? उपचार आहे, आणि तो वजनकाट्यापासून सुरू होतो

परभणी-जिंतूर एसटीत बसण्याआधी पाणी प्यायचे टाळणाऱ्या बायका कमी नाहीत. कापूस वेचायला जाणाऱ्याही दुपारपर्यंत घोटभर पाण्यावर काढतात. रानात आडोसा नसतो, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण सहसा कुणी बोलून दाखवत नाही. खोकला आला, हसू आले, डोक्यावर भारा घेतला की लघवी सुटते. बाळंतपणे झाली, वय झाले, आता हे असेच चालायचे, ही समजूत सासूकडून सुनेकडे जात राहते. ती चुकीची आहे. हा आजार आहे आणि त्यावर पायरीपायरीने उपचार आहेत. शस्त्रक्रिया त्यातली शेवटची पायरी.

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत स्नायूंची झोळी ताणलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तिच्या आधाराने राहतात. खोकल्याने पोटातला दाब वाढला की ही झोळी मूत्रमार्गाला खालून रेटा देते आणि त्याचे तोंड मिटलेले राहते. बाळंतपणात ती ताणली जाते, पाळी गेल्यावर आणखी सैल पडते. पोटावर चरबी चढली की दाब दिवसभर टिकून राहतो. यातून होणारी गळती हा पहिला प्रकार. दुसऱ्या प्रकारात मूत्राशयच अवेळी आकसते. लघवी लागली की संडास गाठेपर्यंत धीर निघत नाही. कितीतरी जणींना दोन्ही त्रास एकत्र असतात. आपला प्रकार कोणता हे आधी कळले पाहिजे, कारण दोन्हींचे उपचार वेगळे आहेत.

वजनाचा आणि गळतीचा संबंध अमेरिकेतील एका अभ्यासाने नेमका मोजला. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गळतीचा त्रास असलेल्या 338 स्थूल स्त्रिया होत्या. एका गटाला सहा महिने आहार आणि व्यायामाचा नेटका कार्यक्रम दिला गेला. त्यांचे वजन सरासरी 8 टक्के उतरले आणि आठवड्यातले गळतीचे प्रसंग 47 टक्क्यांनी घटले. केवळ माहिती मिळालेल्या दुसऱ्या गटात ही घट 28 टक्के होती. 75 किलो वजनाच्या बाईसाठी 8 टक्के म्हणजे सहा किलो.

आपल्याकडे स्थूलता डोळ्यांनी ओळखता येत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये आपलीच मापे प्रसिद्ध केली. दोघांचाही उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, 22.3. पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. म्हणून भारतीयांसाठी हा निर्देशांक 25 झाला की स्थूलता धरतात. पाच फूट उंचीच्या बाईसाठी ही मर्यादा साधारण 58 किलोवर येते.

आहार आणि व्यायाम पुरे पडले नाहीत तर औषधे आहेत. सेमाग्लुटाइडचे आठवड्याचे इंजेक्शन भूक कमी करते. मोठ्या चाचणीत सव्वा वर्षाहून थोड्या अधिक काळात वजन सरासरी 15 टक्के घटले. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता हे त्याचे त्रास आहेत, आणि औषध थांबवले की गेलेले वजन बरेचसे परत येते. त्यामुळे ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे. बॅरिअॅट्रिक म्हणजे वजन उतरवण्याच्या शस्त्रक्रियेचा परिणाम याहून मोठा असतो. ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेत दुर्बिणीतून जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढतात. ‘बायपास’मध्ये जठराचा छोटा कप्पा करून तो थेट पुढच्या आतड्याला जोडतात. अमेरिकेतील 2015 च्या एका अहवालात या शस्त्रक्रियेआधी 49 टक्के स्त्रियांना गळतीचा त्रास होता. वर्षभराने तो 18 टक्क्यांवर आला आणि तीन वर्षांनी 25 टक्के होता. मात्र शस्त्रक्रियेनंतर बी-12, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात.

वजन उतरेपर्यंत थांबायची गरज नाही. ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम आजपासून करता येतात. अमेरिकेतील डॉ. आर्नॉल्ड केगल यांनी ते 1948 मध्ये मांडले. वारा सरू नये म्हणून आपण जसे आवळून धरतो, तसे आत आणि वर ओढायचे. पाच-सहा सेकंद धरायचे, तितकाच वेळ सैल सोडायचे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट किंवा मांड्या आवळायच्या नाहीत, श्वास रोखायचा नाही. लघवी चालू असताना ती रोखून हा व्यायाम रोज करू नये, त्याने मूत्राशय नीट रिकामे होत नाही. किमान तीन महिने नेमाने केला तर फरक दिसतो. पाणी मात्र तोडू नये. लघवी दाट झाली की जळजळ आणि घाई दोन्ही वाढतात. कमी करायचाच असेल तर चहा कमी करावा.

घाईच्या प्रकारात मूत्राशय शांत करणाऱ्या सोलिफेनासिन, मिराबेग्रॉनसारख्या गोळ्या उपयोगी पडतात, त्या पुरल्या नाहीत तर मूत्राशयात बोटॉक्सची इंजेक्शने. खोकल्यासरशी होणारी गळती व्यायामाने थांबली नाही तर मूत्रमार्गाखाली आधाराची बारीक पट्टी बसवतात. 1990 च्या दशकात स्वीडनचे डॉ. उल्फ उल्मस्टेन यांनी ही पद्धत रूढ केली. शस्त्रक्रिया छोटी असली तरी जाळीची पट्टी काही जणींना टोचते, दुखते. हे धोके आधी समजून घेऊन मगच संमती द्यावी.

एक गोष्ट ठासून सांगायला हवी. पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढणे हा लघवी गळण्यावरचा उपाय नाही. स्वीडनमधील 2007 च्या मोठ्या अभ्यासात गर्भाशय काढलेल्या स्त्रियांना पुढे गळतीसाठी शस्त्रक्रिया करून घ्यावी लागण्याचा धोका दुपटीहून अधिक आढळला. परभणीशेजारच्या बीड जिल्ह्यात 2019 च्या शासकीय पाहणीत सुमारे 82 हजार ऊसतोड महिलांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. गंगाखेड-सोनपेठकडूनही टोळ्या ऊसतोडीला जातात. कुणी गळतीसाठी पिशवी काढायला सांगितले तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये.

परभणीत जिल्हा रुग्णालय आहे, आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. लघवीची आणि साखरेची तपासणी, वजन, स्त्रीरोगतज्ज्ञांची तपासणी इथून सुरुवात होते. पुढच्या उपचारासाठी नांदेडचे विष्णुपुरी रुग्णालय किंवा छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय गाठता येते. शासकीय योजनेत काय बसते ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे. तीन दिवस किती वाजता लघवी झाली, केव्हा गळली, किती पाणी प्यायले, हे वहीत लिहून नेले तर डॉक्टरांचे अर्धे काम होते.

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 स्त्रियांची पाहणी केली, ती 1989 मध्ये प्रसिद्ध झाली. 92 टक्के जणींना स्त्रीरोग होते आणि आधी कधी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के. दुखणे सांगायला बाई लाजते, हे माहीत असूनही तिने आपणहून सांगण्याची वाट बघणे हा तिच्यावर अन्याय आहे. आशाताईंनी घरभेटीत आणि डॉक्टरांनी ओपीडीत रक्तदाब विचारावा तितक्या सहजपणे विचारले पाहिजे, “ताई, लघवी गळते का?” या प्रश्नाला खर्च येत नाही, आणि उपचाराची पहिली पायरी तोच आहे.