मोरचूद, जस्ताचा पत्रा आणि मुद्राचित्र

बोर्डो मिश्रण लोखंडी भांड्यात तयार करू नये, ही सूचना शेतकरी बंधूंच्या परिचयाची आहे. मोरचुदाच्या द्रावणाने लोखंड झिजते व भांड्याच्या आतील बाजूस तांब्याचा लालसर थर बसतो. शाळेत निळ्या द्रावणात खिळा टाकून हाच प्रयोग दाखविला जातो. मोरचुदाच्या ज्या गुणामुळे भांडे खराब होते, त्याच गुणाचा उपयोग करून धातूच्या पत्र्यावर चित्र कोरता येते आणि त्या पत्र्यावरून ते कागदावर छापता येते. या कलेस अम्लरेखन असे म्हणतात. कलाशाळांतून मात्र एचिंग हाच शब्द रूढ आहे.

पत्रा कोरून छापण्याची कला महाराष्ट्रास नवीन नाही. मिरज येथे १८०५ साली भगवद्‌गीता छापण्यात आली, ती तांब्याच्या पत्र्यांवर हाताने अक्षरे कोरून. हे काम अत्यंत कष्टाचे होते, कारण प्रत्येक रेघेसाठी धातूशी झुंजावे लागे. अम्लरेखनात ही झुंज आम्लावर सोपविली जाते. युरोपात चिलखतांवर नक्षी काढणाऱ्या कारागिरांना ही युक्ती अवगत होती. सोळाव्या शतकाच्या आरंभी ती चित्रकारांच्या हाती आली. पेशवाईच्या काळात पुण्यात राहिलेला चित्रकार जेम्स वेल्स याने वेरूळच्या लेण्यांची रेखाटने केली होती. १७९५ मध्ये तो मरण पावला. पुढे त्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियल याने २४ दृश्ये आम्लाच्या साहाय्याने पत्र्यांवर उतरविली व १८०३ मध्ये ती प्रसिद्ध केली. वेरूळ कधीही न पाहिलेल्या अनेकांना तेथील शिल्पवैभवाचे दर्शन घडले ते या पत्र्यांमुळे.

कृती समजण्यास कठीण नाही. तांब्याचा किंवा जस्ताचा गुळगुळीत पत्रा घेऊन त्याच्या कडा कानशीने उतरत्या कराव्या लागतात; अन्यथा छापताना कागद फाटतो. खडूच्या पुडीने घासून पत्र्यावरील तेलकटपणा पूर्णपणे काढला जातो. नंतर मधमाशांचे मेण, राळ व अस्फाल्ट यांच्या मिश्रणाचा पातळ थर त्यावर चढवितात. या थरावर सुईने रेखाटन करावयाचे असते. सुईने धातू कोरायचा नसतो, केवळ मेण बाजूला सारायचे असते. म्हणून कागदावरील पेन्सिलीइतकाच हात येथे मोकळा फिरतो. पत्रा आम्लात ठेवला की उघड्या पडलेल्या रेघांपुरता धातू खाल्ला जातो. पत्रा जितका अधिक वेळ आत राहील तितकी रेघ खोल, आणि रेघ जितकी खोल तितकी ती छापल्यावर काळी. या कलेत काळोख हाताच्या जोराने येत नाही, वेळाने येतो.

नुसत्या रेघांऐवजी छटा हव्या असतील तर ॲक्वाटिंट ही पद्धत योजतात. डॅनियलची दृश्ये याच पद्धतीची होत. राळेची बारीक पूड पत्र्यावर सारखी पसरून खालून उष्णता दिली की तिचे कण पत्र्याला चिकटतात व कणांमधील जागा आम्लाला मोकळी राहते. नेरडीगोंडा मंडळातील कुंतालाचा धबधबा काढावयाचा आहे असे समजू. कोसळणारे पाणी पांढरे हवे, म्हणून तो भाग आरंभीच वॉर्निशने झाकावा. पत्रा थोडा वेळ आम्लात ठेवून काढला की उन्हातील खडकांची फिकट छटा तयार झाली; आता तेही खडक झाकावे. पुन्हा आम्ल, मग ओले खडक झाकणे, आणि शेवटी फक्त कपारी उघड्या ठेवून पत्रा सर्वांत अधिक वेळ आत ठेवणे. झाकण्याचा क्रम एकदा चुकला की पाणीही काळे होते. झालेली चूक सुधारण्यासाठी पत्रा खरवडून पुन्हा घासण्यावाचून गत्यंतर नाही.

मेण पुसून काढल्यावर पत्र्यास घट्ट शाई लावतात व खळ दिलेल्या जाळीदार कापडाने वरची शाई पुसतात. खाचांतील शाई तेवढी राहते. त्यावर ओलसर कागद व लोकरी कापड ठेवून पत्रा दोन लाटांमधून दाबून काढला जातो. रस काढणाऱ्या चरकाच्या लाटा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना या यंत्राची कल्पना सहज येईल. चित्र उलटे उमटते. त्यामुळे अक्षरे उलटीच लिहावी लागतात, हे नवशिक्याच्या ध्यानात पहिला कागद उचलल्यानंतरच येते.

तेलंगणातील खेड्याचे जीवन या माध्यमात आणणारे ठळक नाव के. लक्ष्मा गौड यांचे. १९४० साली तत्कालीन मेदक जिल्ह्यातील निझामपूर येथे जन्मलेल्या या चित्रकाराने हैदराबाद व नंतर बडोदे येथे शिक्षण घेतले. गावातील स्त्री-पुरुष, शेळ्या व झाडेझुडपे त्यांच्या बारीक रेघांतून पत्र्यावर आली. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली.

शाळेत हा उपक्रम करू इच्छिणाऱ्या चित्रकला शिक्षकांनी एक गोष्ट काटेकोरपणे पाळावी. कलाशाळांतून दीर्घकाळ वापरले गेलेले नायट्रिक आम्ल शाळेत आणू नये. तांब्यावर त्याची क्रिया होताना तपकिरी विषारी वायू निघतो आणि फुप्फुसांवरील त्याचा परिणाम कित्येक तासांनंतरही प्रकट होऊ शकतो. त्या वेळी काही त्रास झाला नाही म्हणून निर्धास्त राहणे धोक्याचे ठरते. जस्ताच्या पत्र्यासाठी मोरचूद व मीठ समभाग घेऊन केलेले पाण्यातील द्रावण पुरेसे होते. त्यातून हा तपकिरी वायू निघत नाही. जस्त विरघळते व तांब्याचा लाल गाळ साचतो. तो मऊ कुंचल्याने वरचेवर दूर करावा, नाहीतर रेघ एकसारखी खोल होत नाही. भांडे प्लॅस्टिकचे असावे, हातमोजे व चष्मा वापरावा, आणि काम खिडक्या उघड्या ठेवून करावे.

मोरचूदही विषच आहे. मुलांनी त्यास हात लावू नये; पत्रा आत-बाहेर करण्याचे काम शिक्षकांनीच करावे. उरलेले पाणी ओढ्यात वा विहिरीजवळ ओतल्यास मासे मरतात. त्यात धुण्याचा सोडा थोडा थोडा घालावा. फेस येत असल्याने भांडे मोठे घ्यावे. निळसर हिरवा साका तळाशी बसून वरचे पाणी रंगहीन झाले म्हणजे ते गाळून वेगळे करावे व साका वाळवून झाकणाच्या डब्यात, मुलांच्या हाती लागणार नाही असा, ठेवावा.