गिअरबॉक्स खोलण्याआधी

आज जुन्या पिकअपच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सबद्दल बोलू. "गिअरबॉक्स गेला, खोलावा लागेल," हे वाक्य गॅरेजमध्ये फार लवकर तोंडातून निघतं. मीही ते बोललोय आणि तोंडावर पडलोय. म्हणून आधी ती चूक सांगतो.

शारजाच्या औद्योगिक भागात मी एका गॅरेजमध्ये काम करत होतो. तिकडे जुन्या अमेरिकन पिकअप भरपूर. त्यातली एक, भाजी वाहणारी, आमच्याकडे आली. मालक म्हणाला, "सुटताना गाडी उचलतच नाही." मी एक ट्रायल मारली. गाडी जड सुटत होती, पुढे गिअरही बदलत नव्हता. क्लच प्लेटा जळल्या, असं मी ठरवून टाकलं आणि गिअरबॉक्स उतरवला. खोलला तर प्लेटा चांगल्या! पुन्हा बसवला, तर तक्रार तीच. चौथ्या दिवशी आमच्या इलेक्ट्रिशियनने उडालेला फ्यूज दाखवला. आधी कुणीतरी सायलेन्सर बदलताना गिअरबॉक्सची वायर क्लिपमधून सोडून दिली होती. ती गरम पाइपला लागून वितळली होती.

मजुरी आम्ही घेतली नाही. पण भाजी पोचली तरच पैसे मिळणाऱ्या माणसाचे चार दिवस गेले. त्याने मला एवढंच विचारलं, "खोलायच्या आधी काय तपासलं होतंस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आज तेच उत्तर देतो. उदाहरणाला जनरल मोटर्सच्या जुन्या पिकअपमधला फोर-एल-सिक्स्टी-ई हा चार गिअरचा बॉक्स घेऊ. नावातला 'ई' म्हणजे इलेक्ट्रॉनिक.

पहिलं काम तेलाचं. गाडी सपाट जागी, हॅंडब्रेक ओढलेला, इंजिन गरम आणि चालू, लिव्हर पार्कमध्ये. इंजिन बंद करून बघितलं तर लेव्हल चुकीची दिसते. डिपस्टिक पुसून पुन्हा घाला आणि बघा. तेल लालसर असेल तर ठीक. काळपट असून जळका वास येत असेल तर प्लेटा घासल्यात. दुधासारखं गुलाबी असेल तर त्यात पाणी शिरलंय. बऱ्याच गाड्यांत गिअरचं तेल रेडिएटरमधूनच थंड होऊन येतं, म्हणून आधी तिकडे बघा. लेव्हल कमी असेल तर तेल कुठून गळतंय ते शोधा. कमी तेलाने लिव्हर टाकल्यावर गाडी उशिरा पकडते.

दुसरं काम कागद-पेनाचं. ट्रायल मारा आणि लिहून काढा : पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, रिव्हर्स. कोणता पडतो, कोणता पडत नाही? हा कागद अर्धं निदान सांगतो.

गाडी तिसऱ्यातच सुटते, गिअर बदलत नाही, पण रिव्हर्स ठीक आहे? मग आधी फ्यूज, वायर आणि कनेक्टर बघा. या बॉक्समध्ये दोन शिफ्ट सोलेनॉइड तेलाचा रस्ता बदलतात. दोन्हींचा करंट गेला की उरतो तो तिसरा गिअर. माझ्या भाजीवाल्या गाडीचं हेच झालं होतं. क्लच जळला असता तर सुटताना इंजिन ओरडलं असतं. इथे इंजिन दबत होतं. हा फरक मला ऐकू आला होता, पण मी त्याचा विचारच केला नाही.

पहिला, दुसरा, रिव्हर्स ठीक, पण तिसऱ्याच्या वेळी इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी ओढत नाही? मग तीन-चारचा क्लच जळल्याचा संशय घ्या.

दुसरा आणि चौथा, दोन्ही गेलेत? मग रिव्हर्स टाकून बघा. रिव्हर्स असेल तर संशय बँडवर किंवा तो आवळणाऱ्या सर्व्होवर. रिव्हर्सही गेला असेल तर सनशेल तुटल्याची शक्यता मोठी, कारण हे तिन्ही गिअर त्याच एका भागावर अवलंबून आहेत. तिथे बॉक्स खरंच खोलावा लागतो.

आणखी एक तक्रार : मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगात गाडी थरथरते, जणू खडबडीत पट्टीवरून चाललीय. अशा वेळी ॲक्सिलरेटर तसाच ठेवून ब्रेक पेडलला हलकासा स्पर्श करा. मागे गाडी नाही, याची खात्री करूनच. ब्रेकचा स्विच टॉर्क कन्व्हर्टरचा लॉक सोडवतो. थरथर लगेच थांबली तर दोष लॉकच्या बाजूला आहे. थांबली नाही तर इंजिनचं मिसफायरिंग तपासा.

आता स्कॅनर लावा. कोड दिशा दाखवतो, निकाल देत नाही. सोलेनॉइडचा कोड आला म्हणजे सोलेनॉइडच खराब, असं नसतं. वायर तुटली तरी तोच कोड येतो.

शेवटी तेलाचा चेंबर उतरवा. मॅग्नेटवर बारीक राखाडी भुकटी असणारच, घाबरू नका. प्लेटांचा काळा चुरा किंवा धातूचे तुकडे सापडले, तर मात्र खोलायची वेळ आली.

तुमच्यापुढची पिकअप वेगळी असेल, तर कोणत्या गिअरला कोणता क्लच लागतो याचा तक्ता तिच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा. बऱ्याच नव्या बॉक्सना डिपस्टिकही नसते. ठरावीक तापमानाला बोल्ट काढून लेव्हल बघतात. पण क्रम तोच ठेवा : तेल, कागद, वायर, स्कॅनर, चेंबर.

आणि तुम्ही मिस्त्री नसाल, गाडीमालक असाल, तरी "खोलावा लागेल" ऐकल्यावर तो एक प्रश्न जरूर विचारा : खोलायच्या आधी काय तपासलं? चांगला मिस्त्री रागावणार नाही, तो कागद दाखवेल.

भेटू पुढच्या भागात.