वारेला चिकटणारा मलेरिया आणि मुलांचा कॅन्सर

गडचिरोलीत मी मलेरियाच्या स्लाइडी तपासते. ‘पीएफ’, म्हणजे फाल्सिपेरम, निघाला की ओळखू येतो: तांबड्या पेशीत नाजूक रिंग, कधी एकाच पेशीत दोन. गरोदर बाईच्या बाबतीत मात्र स्लाइड दगा देऊ शकते. बोटातल्या रक्तात जंतू दिसत नाही, कारण त्याने घर केलेल्या पेशी वारेत चिकटून बसलेल्या असतात.

त्या चिकटतात ‘व्हार-टू-सीएसए’ या प्रथिनामुळे. वारेवर कॉन्ड्रॉइटिन सल्फेट नावाच्या साखरेच्या साखळीचा खास प्रकार असतो. हे प्रथिन नेमकं तोच पकडतं. कोपनहेगनचे अली सलांटी आणि व्हँकुव्हरचे मॅड्स डॉगार्ड यांनी २०१५ मध्ये दाखवून दिलं, की अशीच साखळी बहुतेक प्रकारच्या कॅन्सरपेशींवरही असते. प्रथिनाला विषारी औषध जोडून त्यांनी उंदरांवर प्रयोग केले आणि गाठी आटल्या. मुलांना होणाऱ्या हाडांच्या कॅन्सरमध्येही, उदाहरणार्थ ऑस्टिओसार्कोमात, ही साखळी आढळली आहे.

मला यात आशा दिसते ती मुलांसाठीच. त्यांच्या कॅन्सरमध्ये जनुकीय बदल मोठ्यांपेक्षा कमी, त्यामुळे औषधाने नेम धरावा अशा खुणाही कमी. आजच्या केमोची किंमत वाढतं शरीर मोजतं: सिस्प्लॅटिनने ऐकू येणं कमी होऊ शकतं, डॉक्सोरुबिसिनने हृदय दुबळं होऊ शकतं.

पण मलेरियाचं प्रथिन औषध म्हणून वापरण्यात एक अडचण आहे. गरोदरपणी मलेरिया झालेल्या बाईच्या रक्तात व्हार-टू-सीएसएविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात. पुढच्या खेपेला त्याच तिला सांभाळतात. औषध म्हणून तेच प्रथिन दिलं, तर त्या त्यालाही अडवू शकतात. म्हणून संशोधकांनी थेट साखळीलाच धरणाऱ्या अँटिबॉडी प्रयोगशाळेत शोधल्या. त्यांच्या उंदरांवरच्या प्रयोगांचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांच्या उपचारापर्यंत पोहोचायला अजून बऱ्याच चाचण्या पार पडायला हव्यात.

तोवर हाती असलेले उपचार तरी प्रत्येक मुलाला मिळाले पाहिजेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार श्रीमंत देशांत कॅन्सर झालेली ८० टक्क्यांहून अधिक मुलं बरी होतात; गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत अनेक ठिकाणी ३० टक्क्यांहूनही कमी. उशिरा झालेलं निदान हे त्यामागचं एक मोठं कारण. म्हणून मुलाच्या गुडघ्याजवळ सूज आली, दुखणं रात्री झोपू देईना, तर ‘वाढीचं वय आहे’ म्हणून तेल चोळत बसू नका. डॉक्टरांना दाखवा, एक्स-रे काढून घ्या.