लिंबूवर्गीय फळें व जठरांतील जंतु

जठरव्रणाच्या रोग्यास कोणी आंबट वर्ज्य सांगतो, तर कोणी संत्र्याच्या सालीचा काढा घेण्यास सांगतो. आमच्या बागाइतदार वाचकांचा ह्या प्रश्नाशीं दुहेरी संबंध आहे. पोट त्यांचेंही आहे आणि फळें विकणारेही तेच आहेत. म्हणून ह्या विषयाची खरी माहिती त्यांच्यापुढें ठेवणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

हा व्रण काळजीनें व तिखटानें होतो असा पूर्वीं समज होता. इ. स. १९८२ मध्यें ऑस्ट्रेलियांतील पर्थ येथें रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल ह्यांनीं रोग्यांच्या जठरांतील हेलिकोबॅक्टर पायलोरी नांवाचा नागमोडी जंतु प्रयोगशाळेंत वाढविला. १९८४ मध्यें मार्शल ह्यांनीं तो स्वतः पिऊन जठरदाह ओढवून घेतला. २००५ सालीं दोघांस नोबेल पारितोषिक मिळालें.

हा जंतु युरियापासून अमोनिया करून आपल्याभोंवतालचें आम्ल मारतो व जठराच्या बुळबुळीत आवरणांत दडून राहतो. लिंबाच्या रसाहून तीव्र अशा जठराम्लांत जो टिकतो, तो लिंबाच्या आंबटपणानें मरेल हें संभवत नाहीं.

फळांतील इतर द्रव्यांची गोष्ट निराळी आहे. सालीच्या पांढऱ्या गरांत हेस्पेरिडिन, पपनसांत कडवट नॅरिंजिन व सालीच्या तेलांत लिमोनीन असतें. अशा कांहीं द्रव्यांनीं कांचेच्या बशींत ह्या जंतूची वाढ रोखल्याचें प्रयोगांत आढळलें आहे. परंतु बशींत द्रव्य जंतूस सतत भिडलेलें असतें; जठर मात्र थोड्याच वेळांत रिकामें होतें, आणि हेस्पेरिडिन तर पाण्यांत फारच थोडें विरघळतें. तेव्हां बशींतील यश म्हणजे रोग्याचा गुण नव्हे.

ह्या जंतूमुळें जठराचा कर्करोगही होऊं शकतो, म्हणून दिरंगाई घातक आहे. श्वास वा शौच तपासून निदान होतें. एकाहून अधिक जंतुनाशक औषधें व आम्ल कमी करणारें औषध बहुधा १० ते १४ दिवस घ्यावें लागतें. बरें वाटलें म्हणून मध्येंच सोडल्यास उरलेला जंतु औषधास दाद देईनासा होतो. वेदनाशामक गोळ्यांनींही व्रण होतो, हेंही ध्यानांत असावें. काळा शौच किंवा रक्ताची उलटी झाल्यास तत्काळ रुग्णालय गांठावें.

संत्रें रुचीसाठीं व क जीवनसत्त्वासाठीं खुशाल खावें. जळजळ वाढल्यास कमी करावें. मात्र आपल्या पेटीवर "जठरव्रणावर रामबाण" असें कोणी बागाइतदारानें छापूं नये. तसें वाचून एखाद्या रोग्यानें औषध टाकलें, तर त्या फळाची किंमत त्यास प्राणानें द्यावी लागेल.