रोजच्या कामाचे आकडे – भाग ७ : घसाऱ्याची बेरीज का चुकते?

मागच्या भागात आर्थिक वर्षांचा तक्ता बांधला. या आठवड्यात तो कामाला लावू.

भिलाईत नंदिनी रोडच्या किंवा हथखोजच्या औद्योगिक भागात पोलाद कारखान्याला सुटे भाग पुरवणारी लहान वर्कशॉप ओळीने दिसतात. मार्च आला की मालकाचा प्रश्न ठरलेला असतो : ‘यंदा मशिनांवर घसारा किती मिळणार? आणि पुढच्या वर्षी?’ हिशेबनीस पॉवर बीआयमध्ये अहवाल काढतो. वर्षांचे आकडे पटण्यासारखे दिसतात, पण ‘एकूण’च्या रकान्याशी गाडी अडते.

आधी नियम पाहू. आयकरात सर्वसाधारण यंत्रांवर १५ टक्के घसारा मिळतो, तोही मूळ किमतीवर नव्हे तर उरलेल्या किमतीवर. म्हणून लाभ दर वर्षी घटतो. यंत्र त्या वर्षी १८० दिवसांपेक्षा कमी वापरले असेल, तर पहिल्या वर्षी दर निम्मा, म्हणजे साडेसात टक्के.

सोयीसाठी गोल आकडे घेऊ. दहा लाखांचे लेथ मशीन मे २०२२ मध्ये आले आणि लगेच चालू झाले. त्याचा घसारा २०२२-२३ मध्ये १,५०,०००, मग १,२७,५०० आणि २०२४-२५ मध्ये १,०८,३७५. सहा लाखांचे ड्रिलिंग मशीन डिसेंबर २०२३ मध्ये आले. त्याचे पहिल्या वर्षी ४५,०००, दुसऱ्या वर्षी ५,५५,००० वर १५ टक्के म्हणजे ८३,२५०. या मशिनाचा लाभ आधी वाढतो आणि मगच उतरणीला लागतो.

वर्षवार बेरजा अशा : १,५०,०००, १,७२,५००, १,९१,६२५. तीन वर्षांचे मिळून ५,१४,१२५. लेथचा लाभ घटत असूनही एकूण चढते आहे, कारण मध्येच नवे यंत्र आले.

आता चूक कुठे होते ते पाहा. हिशेबनिसाच्या सूत्रात तीन गोष्टी असतात : किमतींची बेरीज, सर्वांत जुने खरेदीवर्ष आणि सर्वांत अलीकडचे अहवालवर्ष. लेथच्या ओळीत हे अचूक चालते, कारण तिथे यंत्रही एक आणि वर्षही एक. एकूणच्या खान्यात मात्र किंमत सोळा लाख होते, खरेदीवर्ष २०२२ धरले जाते आणि वर्ष २०२४-२५. उत्तर येते १,७३,४००, ज्याचा कशाशीच मेळ नाही. पॉवर बीआयमधले ‘मेजर’ प्रत्येक खान्याचा हिशेब नव्याने करते. एकूणचा खाना वरच्या खान्यांकडे ढुंकूनही बघत नाही.

उपाय म्हणजे ‘समएक्स’. हे फंक्शन यादीतल्या एकेका ओळीवर हिशेब करते आणि शेवटी बेरीज घेते. ते दोनदा लावा : बाहेरचे वर्षांवर फिरेल, आतले यंत्रांवर. आतल्या सूत्रात तीन फाटे ठेवा. खरेदीआधीचे वर्ष असेल तर शून्य. हा फाटा विसरलात तर ०.८५ चा घातांक ऋण होतो आणि यंत्र यायच्या आधीच घसारा दिसू लागतो. खरेदीचे वर्ष असेल तर दिवस बघून पूर्ण किंवा निम्मा दर. त्यानंतरच्या वर्षांत, पहिल्या वर्षाअखेर उरलेल्या किमतीला मधल्या प्रत्येक वर्षासाठी एकदा ०.८५ ने गुणा आणि मग १५ टक्के काढा.

पडताळणी दुसऱ्या वाटेने करावी. विवरणपत्रात एकाच दराची यंत्रे एका गटात धरतात. मार्च २०२४ अखेर लेथचे ७,२२,५०० आणि ड्रिलिंगचे ५,५५,००० उरले, मिळून १२,७७,५००. त्याचे १५ टक्के १,९१,६२५. आकडा जुळला. मात्र एखादे यंत्र विकले की विक्रीची रक्कम गटातून वजा होते, तेव्हा यंत्रवार हिशेब तसाच चालवू नका.

आणखी एक, घसारा म्हणजे वाचलेला कर नव्हे. २२ टक्क्यांचा दर निवडलेल्या कंपनीला अधिभार आणि उपकर धरून २५.१६८ टक्के कर पडतो. तिच्या उत्पन्नातून हा सगळा घसारा वजा झाला, तर ५,१४,१२५ वर कर वाचतो सुमारे १,२९,३९५ रुपये. मालकाला कोणता आकडा हवा आहे, ते आधी विचारून घ्या.

पुढच्या आठवड्यापर्यंत एवढे करा : आपल्या अहवालातली एक ‘एकूण’ ओळ कागदावर हाताने बेरीज करून तपासा.